पाऊल बघून वाजवायचं

कानलुबो बेट, सामार
४ मार्च २०१८

ति. स्व. मानो रेमी यास,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. होडीवाल्या मानो इस्कोने ते सेबूच्या बोटीवरून उतरवून घेतलं आणि मोटारहोडीत स्वतःच्या मांडीवर ठेवून आणलं, त्यामुळे खारं पाणी कुठेच लागलेलं नाही. डीजेचा कंट्रोलर, वायरी, हेडफोन सगळं नीट आहे. भोवती गुंडाळलेला तुझा शर्ट धुऊन ठेवलाय. परत हवा असेल तर कळव, नाहीतर नानय त्याची पुसणी करेल. तिचा डोळा आहेच त्याच्यावर.

फोनचा मनोरा वादळात पडला तो अजून पडलेलाच आहे, म्हणून हे पत्र. खरं सांगायचं तर मला पत्रच बरं वाटतं. फोनवर तू भराभर बोलतोस आणि मी हो हो म्हणते, मग रात्रभर विचार करत बसते की नेमकं कशाला हो म्हटलं.

तातय बरे आहेत असं लिहिते, पण मी त्यांची लेक, तू त्यांचा पुतण्या, तुझ्यापासून काय लपवायचं. झटका आल्यापासून उजवा पाय ओढत चालतात, उजव्या कानाला कमी ऐकू येतं. फिएस्टाच्या नाचाला वाजवायचं सोडलंय. मोठे स्पीकर पडवीत ताडपत्रीखाली आहेत आणि तातय त्यांच्याकडे पाठ करून बसतात. कातबालोगानची ती दिव्यांची रोषणाई करणारी पार्टी स्पीकर विकत मागून गेली. तातय म्हणाले, जूनमधली सान अंतोनियोची फिएस्टा होऊ द्या, मग न्या, इथे आता वाजवणारं कोण आहे. मी तिथेच भात वाढत होते, मानो. माझ्याकडे बघून बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

गावाचा कारभार कपितान दोमेंगांकडे, ते म्हणतात, नाचाच्या टेबलामागे आपल्या घरातलं कोणी धड उभं राहणार असेल तर ठीक, नाहीतर ते त्या पार्टीलाच बोलावणार. म्हणून मला शिकायचंय. मी आईबापांकडेच शिकले, अक्षरं नानयकडे आणि वायरींचे रंग तातयकडे, शाळा नंतर आली, हे तुला ठाऊक आहे. पण हे यंत्र त्या दोघांनाही येत नाही. तेव्हा विचारते. ती दोन चाकं पहिल्यांदा कशासाठी फिरवायची? माझा जुना लॅपटॉप पुरेल का? गाणी किती हवीत? आणि गाणी आपोआप जुळवणारं जे सिंकचं बटण आहे, ते दाबलं तर ती लबाडी होते का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतोय.

मायेत कमी करू नकोस, एवढंच मागणं.
तुझी धाकटी बहीण,
नेरिसा

•

सेबू
११ मार्च २०१८

चि. नेरिसा हिस,
अ. उ. आ.

शर्ट नानयला दे. तो मी पुसणी म्हणूनच वापरत होतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण उलट्या क्रमाने, कारण शेवटच्या प्रश्नाने तुझी झोप उडालेली असणार. सिंक दाबणं ही लबाडी नाही. नवशिक्याने खुशाल दाबावं. हात मोकळे राहतात आणि डोकं लोकांकडे लावता येतं. इथल्या क्लबात जे नाक वर करून सिंकला हसतात ते घरी गुपचूप तेच दाबतात, मी पाहिलंय. पण त्यासाठी प्रत्येक गाण्याचे ठोके यंत्राला नीट दाखवून द्यावे लागतात. यंत्र स्वतः मांडतं, पण चुकतं. तू हाताने तपास. एकही गाणं सोडू नकोस.

लॅपटॉप पुरेल. मात्र त्यावर सिनेमे बघायचे नाहीत, इंटरनेट बंद, आपोआप होणारी सगळी दुरुस्ती बंद. माझा एकदा हॉटेलातल्या लग्नात नवरी आत येताना स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि तेवढा वेळ मी तोंडाने शीळ वाजवली. हसू नकोस. गाणी दोन ठिकाणी ठेव, एक लॅपटॉपात आणि एक बाहेरच्या पेनड्राइव्हमध्ये. बेटावरची वीज कशी नाचते ते मला माहीत आहे, तेव्हा विजेचा दाब सांभाळणारा तातयचा जुना डबा मधे लावल्याशिवाय काही जोडायचं नाही. आवाजाचे दिवे हिरव्यात ठेव. लाल लागला की लोकांना मोठं वाटत नाही, नुसतं फाटकं वाटतं.

चाकांना पहिले काही दिवस हातच लावू नकोस. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. हेडफोनमध्ये पुढचं गाणं, मोकळ्या कानात चालू असलेलं. दोन्ही एकदम ऐकू यायला लागली की अर्धी डीजे झालीस. दोन गाण्यांत भोक पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला साधा ढोलाचा ठेका बारीक आवाजात सतत चालू ठेव, सगळं त्याला जुळव. मी अशीच सुरुवात केली.

आणि हजार गाणी गोळा करू नकोस. थोडी असू देत, पण प्रत्येकाचं कडवं कुठे येतं, कुठे श्वास घेतं, ते तुला पाठ हवं. जेवताना हळू, मग पोरांसाठी काहीतरी, मग म्हाताऱ्यांचा चा-चा, मग तरुणांचं धडधडतं बुदोत्स. बुदोत्स आधी लावलंस तर म्हातारे घरी जातात आणि त्यांच्याबरोबर भाजलेलं डुक्करही जातं.

तातयना माझा नमस्कार सांग. पाठ केली असली तरी डावा कान तुझ्याकडेच आहे, हे लक्षात ठेव.

इकडची आठवण मनात राहू दे.
तुझा थोरला भाऊ, मानो
रेमी

•

कानलुबो
२ एप्रिल २०१८

ति. स्व. मानो रेमी यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी आधी एकदा लिहून फाडलं. त्यात मी फार रडगाणं गायलं होतं. आता नुसतं काय झालं ते लिहिते.

काल ईस्टरला शेजारच्या तिया पेरिंगच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला आणि अंगणातलं जेवण, नाच सगळं तिने माझ्या हवाली केलं. म्हणाली, फिएस्टाआधी एकदा घरच्यांसमोर पडून घे. तू सांगितलंस तसं सगळं केलं. दिवे हिरवे, ढोलाचा ठेका बारीक, जेवताना हळू. पोरं नाचली. चा-चाला तर चॅपलची घंटा वाजवणारे मानो बेनोय काठी टाकून उभे राहिले. मला वाटलं, जमलं.

मग कुरात्सा, आपला तो जोडीने पाठलाग करायचा जुना नाच, लावला. आपल्या बेटाच्या जुन्या बँडचा, तातयनी टेपवर भरून ठेवलेला तोच. मी तो लॅपटॉपात घेतला होता आणि त्याचा एकेक ठोका हाताने मांडला होता. त्या एका गाण्याला मला आठवडा लागला, कारण यंत्राला त्याचा ठोका सापडतच नव्हता. तिया पेरिंग आणि कपितान दोमेंग मधे उतरले. सुरुवातीला दोघं छान घसरत होते. मग पाठलागाचा भाग आला, ती गिरकी घेऊन पुढे, ते मागे, आणि काहीतरी बिघडलं. तियाचा पाय अडखळला. कपितान एकदा थांबले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. शेवटी तिया हसत खाली बसली आणि म्हणाली, गुडघ्यांनी राजीनामा दिला. जोडी नाचते तोवर लोक चटईवर नोटा टाकतात हे तुला सांगायला नको. कालच्या नोटा चॅपलच्या छपरासाठी होत्या. जोडीच बसली म्हटल्यावर छप्पर तिथेच राहिलं.

कोणी मला काही बोललं नाही. हेच तर वाईट. मी तियाला विचारलं, ती म्हणाली गुडघे. नानयला विचारलं, ती म्हणाली भांडी घासायला ये. कपितान जाताना फार गोड बोलले, म्हणाले मुली मेहनत दिसते हो तुझी. आणि दारातून बाहेर पडताना मानो इस्कोला विचारलं, म्हणे कातबालोगानच्या पार्टीचा निरोप्या कधी येतो.

पडद्यावर सगळं सरळ होतं, मानो. ठोक्यावर ठोका, एक केसही इकडेतिकडे नाही. मग चूक कुठे झाली? मला शिक्षा झाल्याचं दुःख नाही, पण कशाबद्दल ते कळायला हवं.

राग न धरता लिहीत राहा.
तुझी,
नेरिसा

•

सेबू
९ एप्रिल २०१८

चि. नेरिसा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुपारच्या जेवणात वाचलं, मग गार झालेला भात तसाच पुढे घेऊन बसलो. मला कळलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं बोललं तर तू पुढच्या पत्रात पकडशीलच.

अंदाज लिहितो. एक तर टेपवरून घेताना वेग चुकला असेल, जुनी टेप ताणली जाते. किंवा तू खालचे जाड सूर फार वाढवले असशील आणि गिटारी त्यात बुडाल्या, मग नाचणाऱ्याला धरायला काही उरत नाही. किंवा दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट्या जोडल्यास, त्याने मधे उभ्या माणसाला आवाज पोकळ येतो. हे एकेक करून तपास. सगळं एकदम बदलू नकोस, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

इथे कोणी सामारचं वऱ्हाड असेल तर कुरात्साची फर्माईश येते. मी लावतो आणि तेवढ्यात जेवून घेतो. चालतं. निदान आजवर मला वाटत होतं की चालतं. तुझ्या पत्रानंतर मी आठवून बघतोय की त्या जोड्या लवकर बसत होत्या का. आठवत नाही, कारण मी जेवत होतो.

कपितानची काळजी करू नकोस. तो माणूस पार्टीच्या निरोप्याला तीनदा बोलावेल आणि दर वेळी चहावर घालवेल.

तपासून कळव. वाट बघतो.
रेमी

•

कानलुबो
२३ एप्रिल २०१८

ति. स्व. मानो रेमी यास,
सा. न. वि. वि.

तुझे तिन्ही अंदाज तपासले. टेपचा वेग बरोबर होता, मी तातयच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर तीच टेप लावून ताडून पाहिलं. जाड सूर कमीच होते. तारा सरळ होत्या, आणि त्या मीच जोडल्या असताना तुला शंका आली याचं थोडं वाईट वाटलं. मग मनातून काढून टाकलं.

मग मी तिया पेरिंगच्या मागेच लागले. ती मासे सुकत घालत होती. मी म्हटलं, तिया, गुडघ्यांचं सोड, मला खरं सांग. मग तिने मला उलटं विचारलं की तू कुरात्सा कधी नाचली आहेस का. मानो, मी नाचलेच नाहीये कधी. लहानपणापासून प्रत्येक नाचात मी तातयच्या टेबलामागे, वायरींपाशी. ती म्हणाली, मग तुला सांगून काय उपयोग, ये इकडे. आणि माशांच्या वासाच्या हातांनीच मला अंगणात ओढलं. गाणं नाही, काही नाही, ती तोंडाने गुणगुणत होती. मी वळले की म्हणायची, अगं घाई काय, कुठे बोट सुटतेय तुझी. थांब. त्याला वाटू दे की सापडलीस. आता निसट. मी थांबले की तिचं गुणगुणणंही थांबायचं. म्हणजे थांबायचं नाही, लांबायचं. मी निसटले की तेही पळायचं.

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. घरी जाऊन टेप आणि माझं लॅपटॉपातलं गाणं शेजारी शेजारी लावलं. टेपवरचा बँड गिरकीशी लांबतो, पाठलागाला पळतो, एकाही ठिकाणी सारखा नाही. म्हणूनच यंत्राला ठोका सापडत नव्हता. आणि मी काय केलं, एकेक ठोका मांडून, सिंक दाबून त्याला तुझ्या ढोलाच्या ठेक्याला बांधून टाकलं. यंत्राने बिचाऱ्याने सगळं ओढून सरळ केलं. तिया थांबत होती आणि गाणं तिच्यासाठी थांबत नव्हतं.

तुला दोष देत नाही. तू एकही गाणं सोडू नकोस म्हणालास, मी सोडलं नाही. दुसरं कोणी असतं तर कंटाळून हेच एक सोडलं असतं, आणि वाचलं असतं.

आता नवाच प्रश्न उभा राहिलाय आणि त्याने मला पछाडलंय. टेप जशीच्या तशी लावली तरी बँड थांबतो तो त्या दिवशीच्या जोडीसाठी. आजची जोडी दुसरीकडेच थांबेल. मग तातय वाजवायचे तेव्हा लोक दमेपर्यंत कसे नाचायचे? मी नानयला विचारलं. ती म्हणाली, मला यंत्राचं काही कळत नाही, पण बाकी नाचात ते स्टुलावर बसायचे आणि कुरात्साला उभे राहायचे. टेबलावरच्या दोन यंत्रांपैकी एकावर सारखा हात असायचा, म्हणाली. मी इतकी वर्षं शेजारी होते आणि मी वायरी बघत होते.

तातयना सरळ विचारायचं धाडस होत नाही. वाजवण्याबद्दल कोणी काही विचारलं की ते उठून समुद्राकडे जातात, आणि त्या पायाने वाळूत जाणं त्यांना बरं नाही.

या यंत्राला थांबता येतं का, मानो? तेवढं सांग.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
नेरिसा

•

सेबू
३० एप्रिल २०१८

चि. नेरिसा हिस,
अ. उ. आ.

येतं. थांबता येतं. आणि तुझा मानो गाढव आहे, हे तिया पेरिंगला सांग, तिला आनंद होईल.

तुझं पत्र आल्यावर मी स्वस्थ बसू शकलो नाही. आमच्या हॉटेलच्या धोबीखान्यात काल्बायोगच्या दोन बायका आहेत, माना लुसिंग आणि तिची नणंद. त्यांना दुपारी रिकाम्या हॉलमध्ये बोलावलं, म्हटलं कुरात्सा नाचा. माना लुसिंगने आधी विचारलं की साहेब डोकं ठिकाणावर आहे ना. मग नाचल्या, नणंद पुरुष झाली. मी जन्मात पहिल्यांदा कुरात्सा वाजवताना न जेवता बघितला. चार वेळा चुकलो. पाचव्यांदा माना लुसिंग म्हणाली, आता जरा गाणं ऐकतंय आमचं.

तर असं कर. या गाण्यापुरतं सिंक बंद, ढोलाचा ठेका बंद. उजवीकडे उभी सरकपट्टी आहे ना, लयीची, तिचा पल्ला सेटिंगमध्ये वाढव. लय बदलली तरी सूर खाली-वर होऊ नये म्हणून एक वेगळं बटण असतं, त्यावर कुलपाचं चित्र आहे, ते चालू ठेव. नाहीतर गाणं हळू केलं की बँड झोपेत वाजवतोय असं वाटेल. आता अंगठा पट्टीवर आणि डोळे पावलांवर. बाई थांबली की लय खाली सोड, निघाली की सावर. एकदम झटका दिलास तर गिटारी थरथरतात, म्हणून लोणी पसरावं तसं. आणि जोडी फारच वेळ एका जागी रेंगाळली तर गिरकीच्या तुकड्यावर लूप लाव, म्हणजे तोच तुकडा फिरत राहतो. पण लूप सोडायचा तो नेमका पाऊल उचलताना. हे मला अजून धड जमत नाही. तुला जमलं तर मला लिही कसं ते.

बाकी गाण्यांबद्दल एकच. सेबूला काय चालतं ते मला विचारत बसू नकोस. मी सांगीन आणि तू ते मन लावून करशील, आणि तुमचा नाच सेबूसारखा होईल.

अजून एक. मला फिएस्टाच्या सुमारास रजा मिळू शकते. मी येऊन वाजवलं तर कपितान नाही म्हणणार नाही. तू फक्त हो लिही, मी निघतो.

तुझाच,
रेमी

•

कानलुबो
२० मे २०१८

ति. स्व. मानो रेमी यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण हो लिहू की नाही हे ठरत नव्हतं. दोन्ही पत्रं लिहून ठेवली होती. हे नाहीचं पत्र आहे.

तू आलास तर नाच उत्तम होईल, यात मला शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी तू बोटीवर चढशील आणि तातय ताडपत्री काढून स्पीकर त्या पार्टीला देऊन टाकतील. वाजवणारा आला आणि गेला, असंच होईल ते. स्पीकर राहायचे तर वाजवणारी इथे राहणारी हवी. उद्धटपणा वाटला तर माफ कर. तू मात्र जेवायला कधीही ये.

कपितानकडे मी स्वतः गेले. म्हटलं, ईस्टरला काय चुकलं ते मला कळलंय. ते म्हणाले, कळलंय का, मला तर वाटलं माझंच वय झालं. मग बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी असं ठरवलं की संध्याकाळचं जेवण आणि कुरात्सा माझ्याकडे, त्यानंतरचा डिस्को पार्टीकडे. कुरात्सा फसला तर पुढल्या वर्षी सगळंच पार्टीकडे. मी कबूल केलं.

रोज सरावाला तिया पेरिंग येते, मानो बेनोयना पकडून. तू लूपचं विचारलंस. मला वाटतं पाऊल उचलायच्या आधी खांदा हलतो. मी खांदा बघते. जमेल असं लिहायची भीती वाटते. तातय सरावाच्या वेळी पडवीतच असतात, पाठ करून. हल्ली समुद्राकडे जात नाहीत एवढंच.

आशीर्वादात विसरू नकोस.
नेरिसा

•

सेबू
३ जून २०१८

चि. नेरिसा हिस, अ. उ. आ.

नाहीचं पत्र आवडलं. खांद्याचं खरं आहे, माना लुसिंगवर करून पाहिलं. आदल्या दिवशी नवं काही शिकू नकोस. पोटात काहीतरी घालून उभी राहा. पार्टीवाल्यांना तुझ्या वायरींना हात लावू देऊ नकोस. मग काय झालं ते न गाळता लिही.

रेमी

•

कानलुबो
१५ जून २०१८

ति. स्व. मानो रेमी यास,
सा. न. वि. वि.

न गाळता लिहिते.

परवा संध्याकाळी जेवणाच्या वेळचं सगळं ठीक पार पडलं. पार्टीवाले आधीच आले होते, दिव्यांचे खांब उभे करून आमच्याच टेबलावर पान्सितच्या शेवया खात बसले होते. त्यांच्यातल्या एकाने माझा कंट्रोलर बघून विचारलं की हे खेळणं कुणाचं. मी म्हटलं माझं. कुरात्साची वेळ झाली तेव्हा तळहाताला इतका घाम आला होता की मी तुझ्या शर्टाच्या पुसणीने पुसला.

पहिली जोडी कपितान आणि तिया पेरिंग. मानो, ते नाचले. थांबले, निसटले, तियाने त्यांना चटईभर फिरवलं आणि शेवटी कपितानच हात जोडून बसले. मग मानो बेनोय आणि त्यांची सून. छपराला बहुतेक पुरेल इतकं चटईवर पडलं असं नानय म्हणाली. मी वर बघितलंच नाही, मला नुसते पाय आणि खांदे दिसत होते.

मग बाकावरून तातय उठले. मला वाटलं घरी निघाले. ते काठीसकट चटईवर आले, काठी मानो इस्कोच्या हातात दिली आणि नानयपुढे हात केला. नानय सगळ्यांसमोर म्हणाली की झटका पायाला आला होता असं डॉक्टर म्हणाले, डोक्याला पण आला होता हे सांगायला विसरले. लोक हसले. पण उठली ती. तुला आठवतात का तातय कधी कुरात्सा नाचलेले? मला नाही आठवत. ते कायम टेबलामागे असायचे.

मी गाणं सुरू केलं. तो उजवा पाय कुठल्याही गाण्यात बसणारा नव्हता. मी पट्टी खाली आणत गेले, इतकी खाली मी सरावातही कधी नेली नव्हती. नानय गिरकी घेऊन पुढे गेली, पाठलागाला ते वळले, वळता वळता पाय मागेच राहिला. मी लूप लावला. गिटारी गोल गोल फिरत राहिल्या आणि सगळं अंगण त्या पायाची वाट बघत राहिलं. पाय आला. मी लूप सोडला. नानय निसटली. दुसऱ्या गिरकीला ते त्याहून जास्त वेळ उभे राहिले, आणि माझा धीर सुटला, मी पडद्याकडे बघितलं की अजून किती गाणं उरलंय. मग पुन्हा पायाकडे. पूर्ण नाचले ते, मानो. शेवटपर्यंत. पार्टीवाल्यांनी खाणं थांबवलं होतं.

नाच झाल्यावर ते मानो इस्कोकडून काठी घेऊन सरळ घरी गेले. मी रडले नाही, पण झोपलेही नाही.

काल सकाळी पार्टीची होडी स्पीकर न्यायला आली. तातय त्यातल्याच एका स्पीकरवर बसून कॉफी पीत होते. त्यांना म्हणाले, द्यायचे नाहीत, पोरीच्या हातात खोट आहे, ती काढायला हे लागणार. पार्टीवाले म्हणाले काल तर सगळे वाखाणत होते. तातय म्हणाले, वाखाणणारे नोटा टाकत होते, मी नाचत होतो. होडी रिकामी गेली.

मग माझी हजेरी घेतली. म्हणाले, दुसऱ्या गिरकीला माझा पाय केव्हाच तयार होता. मी मुद्दाम उभा राहिलो, तू पायाकडे बघतेस की यंत्राकडे ते बघायला. तू यंत्राकडे बघितलंस. आणि नंतर घाबरून मला गरजेपेक्षा जास्त थांबवलंस. पायावर दया करायची नाही, पाय बघायचा. मी हो म्हटलं, आणि या वेळी कशाला हो म्हणते ते मला नीट कळत होतं.

त्यांनी नानयकडून लॅपटॉपच्या पडद्यावर टाकायला एक काळं फडकं शिवून घेतलंय. उद्यापासून रोज संध्याकाळी ते टाकून सराव. समोर ते आणि नानय. तेव्हा कृपा करून लवकर लिही की या कंट्रोलरवरची कुठली बटणं न बघता नुसत्या बोटाला ओळखू येतात, आणि जी येत नाहीत त्यांना खूण म्हणून काय चिकटवावं. तातय म्हणतात तांदळाचा दाणा. मला वाटतं तो दमट हवेत सुटेल. तू काय चिकटवतोस?

नानयने तुझ्यासाठी सुके मासे बांधून ठेवलेत, मानो इस्को पुढच्या बोटीने पाठवेल. तातयनी तुला आशीर्वाद नाही, निरोप सांगितलाय, कुरात्साच्या वेळी जेवत जाऊ नकोस.

अशीच माया असू दे, आणि चुकलं तर सांगत जा.
तुझी धाकटी बहीण,
नेरिसा